शत्रूच्या वहीतली ओळ

आमच्या घरी बटणांचा एक डबा होता. पत्र्याचा, चपटा, गोल, तळहातावर मावेल एवढा. आई त्यात शर्टाची सुटी बटणं, हूक, सेफ्टी पिना ठेवायची. युनिफॉर्मचं बटण तुटलं की डबा जमिनीवर उपडा करायचा आणि जुळणारं बटण शोधायचं, हे माझं काम. डब्याच्या तळाशी उठावाची इंग्रजी अक्षरं होती, ती डोळे मिटून बोटानं वाचता यायची. तो १६ मिलिमीटर फिल्मचा डबा आहे, आणि ती फिल्म लढाऊ विमानातल्या कॅमेऱ्याची, हे मला बरीच मोठी झाल्यावर कळलं.

बाबा हवाई दलात फोटो सेक्शनला होते. सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातला मुलगा, एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, आणि स्वतःचा पहिला फोटो काढून घ्यायच्या आधी दुसऱ्यांच्या फिल्म धुवायला शिकला. पंजाबातल्या एका तळावर हंटर विमानं होती. हंटरच्या नाकाच्या अगदी टोकाला बोटभर भिंग असायचं. वैमानिकानं तोफांचा चाप ओढला की मागचा कॅमेरा सुरू व्हायचा. सरावात तोफा न चालवता नुसता कॅमेराच चालवायचे, त्याला सगळे ‘सिने’ म्हणायचे. विमान उतरलं की बाबांनी धावत जायचं, फिल्मचं मॅगझिन काढायचं, वहीत नंबर लिहायचा आणि डार्करूममध्ये शिरायचं.

सिनेमात दाखवतात तसा लाल दिवा तिथं नसायचा, हे बाबा आवर्जून सांगत. त्या फिल्मला लाल उजेडही चालत नाही. पूर्ण अंधार. रीळ उलगडायचं, गुंडाळायचं, रसायनात बुडवायचं, सगळं बोटांच्या भरवशावर. हायपो या रसायनाचा वास त्यांच्या कपड्यांना कायम असायचा म्हणे, आणि लग्नानंतर पहिले सहा महिने तो वास कसला ते आईला कळलंच नव्हतं.

फिल्म वाळली की भिंतीवर लावायची. तोवर वैमानिक येऊन बसलेले असत, घामानं भिजलेल्या ओव्हरॉलमध्ये, आणि दोन्ही हातांची दोन विमानं करून एकमेकांना समजावत असत. उजवा हात माझा, डावा तुझा, मी असा वरून आलो, तू असा वळलास. बाबा हे सांगताना स्वतःचे हात तसेच वळवायचे. मग दिवा बंद, आणि भिंतीवर एक करडा ठिपका. ठिपक्याला पंख फुटायचे. पंख रुंद व्हायचे, थरथरायचे, आणि सगळं संपायचं. तीन-चार सेकंदांचा मामला. खरं काम त्यानंतर. एकेक चौकट थांबवून समोरच्या विमानाच्या पंखांची रुंदी मोजायची. त्या विमानाचे खरे पंख किती फुटांचे ते ठाऊक असतं, त्यावरून गोळी झाडली तेव्हा अंतर किती होतं ते निघतं. दोनशे यार्डांवरून मारलं असं छातीठोक सांगणाऱ्याचं अंतर पाचशे-सहाशे भरायचं. तो खोटं बोलत नसायचा. ताशी हजार किलोमीटरच्या वेगात, अंगावर स्वतःच्या वजनाच्या पाच-सहा पट भार घेऊन मान मागे वळवून पाहणाऱ्या माणसाला समोरचं विमान जवळच दिसतं.

हे मी इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण हवाई युद्धाच्या इतिहासाकडे मी कायम त्या भिंतीवरच्या ठिपक्यातून पाहत आले. इतर लोक लढाऊ वैमानिकांच्या गोष्टी शौर्यासाठी वाचतात. मी आधी विचारते, हे पाहिलं कुणी?

जमिनीवरच्या लढाईत शेजारी माणूस असतो. खंदकात, बुरुजावर, खिंडीत, कुणीतरी उरतो आणि सांगतो. आकाशात तसं नाही. सुरुवातीला जोडीनं, चौघांनी गेलेली विमानं पहिल्या वळणात विखुरतात. पाच मिनिटांपूर्वी डझनभर विमानांनी भरलेलं आकाश एकदम रिकामं झालेलं असतं, असं अनेक वैमानिकांनी लिहून ठेवलं आहे. त्या रिकाम्या आकाशात दोघेच उरले आणि त्यातला एक परतला नाही, तर दुसऱ्याखेरीज साक्षीदार नाही. आणि तो दुसरा शत्रू असतो.

पहिल्या महायुद्धात हे फार लवकर लक्षात आलं. ५ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये रँसजवळ फ्रांत्झ आणि केनो या फ्रेंच जोडीनं आपल्या व्होआझँ विमानातल्या मशीनगननं एक जर्मन विमान पाडलं, तिथून हवाई झुंजींची मोजदाद सुरू होते. पुढच्या वर्षी पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडायचं यंत्र आलं, वैमानिक एकटा विमान चालवू आणि लढू लागला, आणि कुणी किती पाडली हे मोजायचं वेडही लागलं. मग प्रश्न आला खात्रीचा. आपल्या हद्दीत पडलेलं विमान जाऊन पाहता येतं. पलीकडे पडलेल्याचं काय?

जर्मन वैमानिक रिश्टहोफेनच्या नावावर ८० विजय आहेत. त्यातल्या बहुतेक विजयांची खात्री नंतर पटली ती कशावरून? ब्रिटिशांच्या नुकसानीच्या नोंदींवरून. अमुक दिवशी अमुक विमान परतलं नाही, वैमानिकाचं नाव हे. एका बाजूचा विजय आणि दुसऱ्या बाजूचा शोक एकाच तारखेवर येऊन जुळतो, तेव्हा कुठं ती गोष्ट खरी ठरते. तो स्वतः २१ एप्रिल १९१८ रोजी पडला, तेव्हा ऑस्ट्रेलियन सैनिकांनी त्याला बेर्तांगल गावात लष्करी इतमामानं पुरलं आणि त्या कबरीचे फोटो जर्मन हद्दीत विमानातून टाकले. तुमचा माणूस गेला, आम्ही त्याला असं पोचवलं, एवढं कळवायला. त्याच्या दीड वर्ष आधी त्याचा गुरू बोल्के आपल्याच सहकाऱ्याच्या विमानाशी टक्कर होऊन गेला, तेव्हाही ब्रिटिश वैमानिकांनी त्याच्यासाठी पुष्पचक्र टाकलं होतं. या गोष्टींवर पुष्कळ रोमँटिक लिहिलं गेलं आहे. मला त्यात आणखी एक दिसतं. पलीकडे कुणीतरी वही उघडून बसलं आहे, त्याची एक ओळ अर्धी राहिली आहे आणि ती आपल्याशिवाय कुणी पुरी करू शकत नाही, हे त्यांना कळत होतं.

आपला वैमानिक इंद्रलाल रॉय आठवतो. कोलकात्यात जन्मलेला, लंडनमध्ये शिकलेला हा मुलगा जुलै १९१८ मध्ये पंधरवड्याच्या आत दहा विजय मिळवून २२ जुलैला पडला. वय १९. फ्रान्समधल्या एस्तव्हेलच्या दफनभूमीत त्याच्या कबरीवर बंगाली अक्षरं आहेत. तो पडला तेव्हा तो मुलूख जर्मनांच्या ताब्यात होता.

मोजदादीतली गफलत किती मोठी असू शकते, याचं सगळ्यांत ठळक उदाहरण १५ सप्टेंबर १९४०. ब्रिटन आजही हा दिवस ‘बॅटल ऑफ ब्रिटन डे’ म्हणून पाळतं. त्या दिवशी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर झालं. युद्धानंतर जर्मनांच्या नोंदी तपासल्या, तर आकडा साठच्या आसपास निघाला. कुणी मुद्दाम फसवलं नव्हतं. एकाच विमानावर तिघं गोळ्या झाडतात, तिघांनाही धूर दिसतो, तिघंही खाली जाऊन आपापली हकिगत सांगतात. कुणी सूर मारून ढगात शिरतो, तो गेला असं वाटतं, आणि तो पलीकडे आपल्या तळावर चहा पीत असतो. जर्मनांचे दावेही असेच फुगलेले होते.

आपल्याकडेही हेच. ३ सप्टेंबर १९६५ ला ट्रेव्हर कीलर यांनी आपल्या नॅट विमानातून पाकिस्तानचं सेबर विमान पाडलं असं आपण मानतो, त्यांना वीर चक्र मिळालं. पाकिस्तान म्हणतं, ते सेबर जखमी झालं पण परतलं. चारच दिवसांनी पाकिस्तानातल्या सरगोध्याजवळ त्यांच्या एम. एम. आलम यांनी मिनिटाच्या आत पाच हंटर पाडल्याचा दावा केला, आणि पाकिस्तानात तो पाठ्यपुस्तकातल्यासारखा पाठ आहे. आपल्या नोंदींशी पाच हा आकडा जुळत नाही. मला यात कुणाला खोटं ठरवायचं नाही. कीलरांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही आणि आलम निष्णात होते यातही शंका नाही. पण बाबांनी भिंतीवरच्या चौकटी मोजत आयुष्य काढलं, त्यांची मुलगी म्हणून मला वाटतं, की शूराचा मान राखायचा असेल तर आकडाही नीट ठेवायला हवा.

आता ज्यासाठी लिहायला बसले, त्या माणसाकडे येते.

७ सप्टेंबर १९६५ ची पहाट. आदमपूरहून क्रमांक एकच्या स्क्वाड्रनची बारा मिस्टेअर विमानं सरगोध्यावर हल्ला करायला निघाली. नेतृत्व विंग कमांडर ओमप्रकाश तानेजा यांचं. सरगोधा हा पाकिस्तानी हवाई दलाचा सर्वांत मोठा तळ, आणि मिस्टेअरच्या पल्ल्याच्या जवळजवळ टोकाला. जायचं, मारायचं, सरळ परतायचं, वाटेत लढत बसायला इंधन नाही. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या या बारांत नव्हते. ते राखीव होते. कुणाचं विमान आयत्या वेळी गळालं तर त्याच्या जागी जायचं. कर्नाटकातल्या कोडगूचे, वय ३२, प्रशिक्षक म्हणून काम केलेले. ते गेले आणि परतले नाहीत.

कागदावर एवढंच. गेले, परतले नाहीत. सोबतचे हल्ला करून जमिनीलगत पूर्वेकडे पळत होते, प्रत्येकाचे डोळे पुढच्या झाडांवर आणि इंधनाच्या काट्यावर. देवय्यांचं विमान कुठं राहिलं, तोफेनं पडलं, इंधन संपलं, की जमिनीला धडकलं, कुणालाच माहीत नव्हतं. ‘बेपत्ता’ हा शब्द लिहिला गेला. पुढं मृत मानले गेले. घरी पत्नी सुंदरी आणि मुली. आणि अशी तेवीस वर्षं.

झालं होतं ते असं. परतीच्या वाटेवर फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या स्टारफायटरनं मिस्टेअरना गाठलं. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाचं, त्या काळातल्या जगातल्या सर्वांत वेगवान लढाऊ विमानांपैकी एक, अमेरिकेनं पाकिस्तानला दिलेलं. मिस्टेअर त्याच्यापुढं जुन्या पिढीचं. अमजदनी क्षेपणास्त्र सोडलं, ते वाया गेलं. मग तोफेनं मारलं आणि मिस्टेअरला गोळे लागले. हे संपलं असं त्यांना वाटलं. पण ते मिस्टेअर पडलं नव्हतं. घायाळ विमान वळलं आणि अंगावर आलं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण या वळण्यातच सगळं आहे. स्टारफायटरचे पंख आखूड, पातळ, चाकूच्या पात्यासारखे. सरळ रेषेत त्याला कुणी गाठू शकत नाही, पण खाली, संथ वेगात, घट्ट वळताना ते पंख पुरे पडत नाहीत. मिस्टेअर तिथं त्याला पुरून उरतं. शहाण्या स्टारफायटरवाल्यानं वळणाच्या खेळात उतरायचं नसतं, एक फटका मारून वर निघून जायचं असतं. अमजद वळणात उतरले. आणि देवय्यांपुढे दोन रस्ते होते. घायाळ विमान जमेल तेवढं पूर्वेकडे रेटायचं, किंवा वळायचं. वळलं की घरी पोचण्यापुरतं इंधन उरणार नाही, हे त्यांच्यासारख्या शिकवणाऱ्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. ते वळले. त्यांच्या तोफांचे गोळे स्टारफायटरला लागले, अमजदना विमान सोडून उडी टाकावी लागली. देवय्यांचं मिस्टेअरही तिथंच कोसळलं. त्यांना तिथल्या गावकऱ्यांनी तिथल्याच मातीत पुरलं.

हे आपल्याला कुणी सांगितलं? अमजद हुसेन यांनी. ते वाचले, त्यांनी आपल्या वरिष्ठांना हकिगत सांगितली, ती पाकिस्तानी नोंदींत गेली. चौदा वर्षांनी, १९७९ साली, एका ब्रिटिश लेखकानं पाकिस्तानी हवाई दलाच्या मदतीनं त्या युद्धावर पुस्तक लिहिलं, त्यात ही झुंज छापून आली. स्टारफायटर पाडणारा मिस्टेअरवाला कोण, याचा भारतात शोध घेतला, तर त्या पहाटेच्या हल्ल्यातून न परतलेलं मिस्टेअर एकच होतं. तानेजांनी पाठपुरावा केला. १९८८ मध्ये सुंदरी देवय्या यांच्या हातात पतीचं महावीर चक्र ठेवण्यात आलं. १९६५ ची लढाई, १९८८ चं पदक.

मधल्या काळातली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. १९७१ च्या युद्धात हेच अमजद हुसेन अमृतसरवर विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात सापडले आणि भारताचे युद्धकैदी झाले. देवय्यांच्या शेवटच्या मिनिटाचा जगातला एकमेव साक्षीदार आपल्याच कैदेत होता. तिथून पदकापर्यंत आणखी सोळा-सतरा वर्षं गेली.

वर्तमानपत्रात ही बातमी आली त्या सकाळी बाबा निवृत्त होऊन आम्ही पुण्यात धानोरीला राहत होतो. लोहगावच्या धावपट्टीजवळची जागा त्यांनी मुद्दाम निवडली होती. विमान उठलं की आळीतली माणसं खिडक्या लावायची, बाबा उघडायचे. त्या दिवशी त्यांनी बातमी वाचली, पेपरची नीट घडी घातली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी चहा घेऊन गेले.

“बाबा, तेवीस वर्षं कुणाला कळलं कसं नाही? कॅमेरा असतो ना विमानात?”

“असतो की.”

“मग?”

“अगं, कॅमेरा विमानातच असतो.”

मला कळायला क्षणभर लागला. परत येणाऱ्याचीच फिल्म धुतली जाते. जो येत नाही, त्याची फिल्म त्याच्याबरोबर जळते. बाबांच्या त्या वहीत रकाने होते: मॅगझिन नंबर, विमान नंबर, दिल्याची वेळ, परत मिळाल्याची वेळ, सही. सरावाच्या काळात सगळे रकाने संध्याकाळपर्यंत भरलेले. युद्धाच्या दिवसांत एका सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं एक मॅगझिन हंटरच्या नाकात बसवलं, शिडीवरून वर चढणाऱ्या वैमानिकानं त्यांना अंगठा दाखवला, आणि शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले. सार्जंटनं सांगितलं, राहू दे. बाबांनी राहू दिले. त्या वैमानिकाचं नाव त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांच्या घरच्यांचं दुःख माझ्या तोंडी कशाला, एवढंच म्हणाले.

त्या बातमीनंतर बाबा वाचायला लागले. चौथीपर्यंत गावात, पुढं हवाई दलात शिकलेलं कामापुरतं इंग्रजी. शेजारी शब्दकोश, हातात पेन्सिल. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, पाकिस्तानी हवाई दलावरचं काहीही आलं तर बाजूला ठेवा. दुबईत असलेल्या एका नातलगाकडून मागवायचे. माझा भाऊ वैतागायचा. समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी एकदा सरळ विचारलं, “आपल्या एवढ्या शूरांची चरित्रं सोडून त्यांची काय वाचता हो?”

“त्यांच्या बाजूनं कुणी काय पाहिलं, ते त्यांनाच माहीत ना,” बाबा म्हणाले.

आपली चरित्रंही ते वाचत, पण जे परत आले त्यांची गोष्ट सांगायला ते स्वतः आहेत, असं म्हणत. दिलीप पारुळकरांचं नाव घेताना त्यांचा चेहरा उजळायचा. १९७१ च्या डिसेंबरात पारुळकरांचं सुखोई पडलं, ते कैद झाले, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या तळातून भिंत फोडून ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह निसटले. अफगाण सरहद्द नजरेच्या टप्प्यात आली असताना लंडी कोतलला पकडले गेले, पण त्याच वर्षाअखेर सगळे घरी आले. पुण्यात ते अनेक वर्षं राहिले. आपली हकिगत त्यांनी आपल्या तोंडानं सांगितली. बाबांना त्याचं फार समाधान वाटायचं.

बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा मी नंतर पाहिल्या. शौर्याचं वर्णन, विमानांची वाखाणणी, राजकारण, कुठंही रेघ नाही. रेघ फक्त तारखेखाली, वेळेखाली, गावाच्या नावाखाली. आणि ‘एक हंटर’ असं जिथं जिथं आलं, तिथं समासात लहानसा टिंब.

त्यांच्यामुळं मला दोन झुंजींचा दुसरा अर्धा भाग कळला. पहिली बोयराची, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरची. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध जाहीर व्हायला अजून अकरा दिवस. गरीबपूरच्या लढाईत आपल्या सैन्यावर हल्ले करणाऱ्या सेबरांवर डमडमहून चार नॅट झेपावले: मॅसी, गणपती, लाझारस, सोआरेस. जमिनीवरच्या रडारपाशी फ्लाइंग ऑफिसर बागची. नॅट म्हणजे केवढंसं विमान. पालमच्या हवाई दल संग्रहालयात मी त्याच्या शेजारी उभी राहिले आहे, पंखांचा पसारा बावीस फूट, मोठ्या खोलीत मावेल. लाझारस इतके जवळ गेले, की फुटलेल्या सेबरचे तुकडे त्यांच्याच नॅटच्या नाकावर आदळले. दोन सेबर पडली आणि दोन्ही वैमानिक छत्र्यांनी उतरून आपल्या हाती लागले. तिसऱ्या सेबरनं परतून एक नॅट पाडल्याचा दावा केला. चारही नॅट डमडमला परतले होते, वहीतले सगळे रकाने भरलेले.

पकडलेल्यांपैकी एक परवेझ मेहदी कुरेशी. संतापलेल्या जवानांच्या तावडीतून त्यांना कॅप्टन एच. एस. पनाग यांनी सोडवलं. पुढं १९९७ साली हे कुरेशी पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले, तेव्हा लाझारसनी त्यांना अभिनंदनाचं पत्र लिहिलं, आपण आकाशात एकदा भेटलो होतो अशी आठवण दिली. उत्तर आलं, आभाराचं. बाबांनी हे मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, “उत्तर आलं, असंच लिहिलंय ना?”

दुसरी श्रीनगरची. १४ डिसेंबर १९७१, पेशावरहून आलेली सहा सेबर तळावर बाँब टाकत होती आणि त्या बाँबच्या मधून निर्मलजीत सिंग सेखोंनी नॅट उचललं. पुढं गेलेल्या घुम्मन यांची नि त्यांची धुक्यात ताटातूट झाली. सेखों एकटे, समोर सहा. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव. त्यांचं विमान डोंगरात कोसळलं, देह मिळाला नाही. त्या झुंजीत त्यांनी काय केलं, याबद्दल सलीम बेग मिर्झा यांनी अनेक वर्षांनी लिहिलं, आदरानं लिहिलं. सेखोंना पाडणारं सेबर मिर्झांचंच होतं. ज्यानं मारलं त्यानं लिहिलेलं वाचताना माझा आवाज कापायला लागला. बाबांचा चेहरा मात्र शांत होता. ते म्हणाले, हा माणूस चांगला आहे, याला झोप लागली नसती.

इंटरनेट आल्यावर दोन्हीकडचे निवृत्त वैमानिक मोकळेपणानं लिहायला लागले. मी ऑफिसातून पानं छापून आणायची. बाबांची नजर मंदावली होती, भिंगानं वाचायचे. एकदा माझ्या मनात आलं तसं विचारलं, की समजा सापडलं कुठं, तर तुम्ही काय करणार? वही तर केव्हाच जाळून टाकली असेल कुणीतरी. त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, “त्याच्या घरी पत्र टाकायचं. फिल्म मिळाली नाही, पण बघणारा मिळाला.”

बाबांनी शेवटचं पाहिलेलं विमान मिस्टेअर. आम्ही त्यांना दिल्लीला नेलं होतं, पालमला. संग्रहालयात सगळे मोठ्या विमानांपाशी गर्दी करून होते. बाबा आधी हंटरपाशी गेले. हात वर करून नाकाच्या टोकावरचं भिंगाचं भोक त्यांनी बोटानं चाचपलं. मी म्हटलं, हात लावायला बंदी आहे. त्यांनी हात खाली घेतला, खिशातला रुमाल काढून बोट पुसलं. मग मिस्टेअरपाशी गेले आणि तिथं खूप वेळ उभे राहिले. त्यांनी मिस्टेअरवर कधीच काम केलं नव्हतं.

बाबा गेल्यावर आवराआवरी करताना बटणांचा डबा माझ्याकडे आला. आई आधीच गेली होती, आता डबा कुणी उघडत नव्हतं. मी जुन्या सवयीनं जमिनीवर उपडा केला. बटणं घरंगळली, आणि तळाशी चिकटून बसलेली गोल कापलेली एक कागदाची चकती हाती आली. आम्ही इतकी वर्षं डबा उपडा करायचो, पण ती चकती तळाला अशी घट्ट बसली होती, की तो डब्याचाच भाग वाटायचा. तिच्यावर फिकट शाईत बाबांचं अक्षर. एक तारीख. एक मॅगझिन नंबर. एक विमान नंबर. दिल्याची वेळ, सकाळची. त्यापुढं एक आडवी रेघ, आणि रेघेनंतर कोरी जागा.

बाबांची पुस्तकं आता माझ्या कपाटात आहेत. परवा लाहोरहून एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणींचं पुस्तक आलं, दुबईमार्गेच. शंभर पानं झाली आहेत. पेन्सिल शेजारी ठेवली आहे.